सायकलीची वाट कोठें तुटते?

आमच्या घरांत आज लहानमोठीं अकरा माणसें व सहा स्वयंचलित वाहनें आहेत, तथापि "धाकटीला शाळेंत कोण सोडणार?" हा प्रश्न रोज सकाळीं नव्यानें उभा राहतो. थोरल्या बंधूंना पुण्याची गाडी गांठावयाची असते, वहिनींची स्कूटर त्याच वेळीं दुसऱ्या फेरींत गुंतलेली असते, पुतण्याची मोटारसायकल मोकळी असली तरी पुतण्या अंथरुणांतून मोकळा झालेला नसतो. आणि आम्ही निवृत्त, म्हणून हें काम बहुधा आमच्या वांट्यास येतें. धाकटी म्हणजे आमची तेरा वर्षांची पुतणी. तिची शाळा घरापासून सव्वादोन किलोमीटर, म्हणजे सायकलीनें दहाबारा मिनिटांच्या वाटेवर आहे. सायकलहि घरांत आहे. तिच्या आत्यानें ती वाढदिवसास मुद्दाम घेऊन दिली. परंतु दिवाळीपर्यंत ती जिन्याखालीं उभी राहून वाळवणाच्या चाळण्या ठेवण्याच्या कामीं येत होती.

मुलीला सायकल चांगली येते, तिची जाण्याची हौस दांडगी आहे, गांव सपाट आहे, अंतर थोडें आहे. असें सर्व जुळून आलें असतांहि घरांतील एकहि वडील माणूस "जा" असें म्हणावयास धजत नव्हतें. हा दोष मुलीचा नव्हे, सायकलीचा नव्हे आणि वडीलधाऱ्यांच्या भित्रेपणाचाहि नव्हे, अशी आमची विचारान्तीं खात्री झाली आहे. २०२२ या एका सालांत भारतांतील रस्त्यांवर अपघातांनीं १,६८,४९१ माणसें दगावलीं; तेव्हां ही भीति कांहीं कल्पनेंतली नव्हे. दोष रस्त्याचा आहे, आणि तोहि सबंध रस्त्याचा नाहीं. तो रस्त्याच्या नेमक्या कोणत्या तुकड्यांत आहे, हें शोधून काढण्याचा जो उद्योग आम्हीं घरच्या मंडळींनीं गेल्या दिवाळीच्या सुटींत केला, त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

दौंड हें रेल्वेचें गांव. आणि जेथें रेल्वे तेथें सायकल, हें समीकरण आमच्या लहानपणीं ठरलेलें होतें. पाळी मध्यरात्रीं सुरू होवो वा पहांटे, ड्रायव्हर, गार्ड, फायरमन अशी मंडळी हँडलला डबा अडकवून स्टेशनाकडे निघत. आमचे वडीलहि त्यांतलेच. त्यांची काळी सायकल हें घरांतील एकमेव वाहन. तिच्यावरून दळण जाई, पाहुण्यांची ट्रंक येई, आणि पुढची दांडी व मागचा कॅरियर मिळून आम्ही तिघें भावंडें एके वेळीं बसत असूं. सायकल शिकावयाची ती तासाच्या भाड्यानें आणून, दांडीखालून पाय घालून, कैचीनें. रात्रीं दिवा नसला कीं पोलीस अडवी, डबलसीट बसलें कीं चाकाची हवा सोडी, आणि नगरपालिकेचा बिल्ला नसला कीं दंड होई. एवढ्या सन्मानानें त्या वाहनाची दखल घेतली जात असे! पुण्यास तर सायकलींचें शहर हेंच बिरुद चिकटलें होतें. किर्लोस्करांच्या प्रचंड कारखानदारीचा उगमहि लक्ष्मणरावांनीं १८८८ सालीं बेळगांवांत बंधूंच्या साह्यानें काढलेल्या सायकलीच्या दुकानांत झाला, हें पुष्कळांस ठाऊक असेल.

मग ही सायकल गेली कोठें? वास्तविक ती गेलेली नाहीं. २०११ च्या जनगणनेंत भारतांतील दर शंभर कुटुंबांपैकीं सुमारें पंचेचाळीस कुटुंबांत सायकल होती. ती गेली ती मुख्यतः पांढरपेशा घरांतून. ज्यांना दुसरा उपाय नाहीं असे गवंडी, दूधवाले, वर्तमानपत्रें टाकणारीं मुलें, पाळीवर जाणारे कामगार तीच सायकल रोज त्याच धोक्याच्या तुकड्यांतून रेटीत असतात. त्यांची गणना रस्ते आखणाऱ्यांच्या कागदांत क्वचितच होते, आणि सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत त्याहूनहि क्वचित्. असो.

दिवाळींत घरांत पांच मुलें जमलीं होतीं. फटाक्यांचा उत्साह दोन दिवसांत ओसरला, तेव्हां आम्हीं जुन्या दिनदर्शिकेचीं पाठकोरीं पानें जोडून त्यांवर गांवाचा नकाशा काढण्याचें काम त्यांच्या हातीं दिलें. रस्ते तर काढले. पण कोणता चांगला व कोणता वाईट हें ठरवावयाचें कसें? थोरला पुतण्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. त्यानें रस्त्याची रुंदी, डांबराची अवस्था, तासाला जाणाऱ्या वाहनांची संख्या अशी मोठी यादी केली. मातोश्री पलंगावर वाती वळीत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढें कशाला? बारा वर्षांची पोर दप्तर घेऊन एकटी तेथून जाऊं शकेल का, एवढेंच विचारा. जाईल तर हिरवा रंग द्या, मोठ्या माणसाबरोबर जाईल तर पिवळा, आणि नाहींच जाणार तर तांबडा." यादी बाजूस पडली आणि मातोश्रींची कसोटी सर्वानुमतें मान्य झाली.

पुढें आमच्या वाचनांत आलें कीं, अमेरिकेंतील सॅन होजे शहराचे रस्ते तपासण्यासाठीं पीटर फर्थ प्रभृति विद्वानांनीं २०१२ सालीं जवळजवळ हीच कसोटी वापरली होती. रस्ता सायकलस्वारास किती ताण देतो, मुलाला सोसेल इतका, साधारण प्रौढाला सोसेल इतका, कीं केवळ धाडसी मनुष्यालाच सोसेल इतका, यावरून त्यांनीं रस्त्यांच्या चार प्रती पाडल्या. त्यांना जें आढळलें तें मोठें उद्बोधक आहे. शहरांतील बहुतेक गल्ल्या शांत व निर्धोक होत्या. पण त्या एकमेकींस जोडलेल्या नव्हत्या. भोंवतालच्या धांवत्या हमरस्त्यांनीं त्यांचीं बेटें करून टाकलीं होतीं. बेटावर कितीहि सुख असलें तरी तेथून शाळेला, बाजाराला किंवा कामाला जातां येत नाहीं.

आमच्या नकाशानें अक्षरशः हेंच दाखविलें. मुलें दोन दिवस सायकलीवरून हिंडलीं, प्रत्येक रस्त्यावर थांबलीं, भांडलीं आणि रंग भरून आलीं. पाहतों तों तीनचतुर्थांशाहून अधिक गांव हिरवें! पेठेंतील जुन्या गल्ल्या अरुंद व वांकड्या असल्यानें तेथें कोणी वेगानें जाऊंच शकत नाहीं; तेथें सायकलीसाठीं निराळा मार्ग बांधण्याची मुळीं गरजच नाहीं. वसाहतींमधले रस्ते शांत. तांबडा रंग लागला तो मोजून तीन ठिकाणीं, आणि त्यांची एकूण लांबी इतकी थोडी कीं, धाकटीच्या शाळेच्या वाटेवर ती चारशें पावलांच्या आंतच भरली. परंतु तीं तीन ठिकाणें अशीं बसलीं आहेत कीं, एका हिरव्या तुकड्यांतून दुसऱ्यांत जावयाचें तर त्यांतल्या एकाला तरी ओलांडल्यावांचून गत्यंतर नाहीं.

पहिलें ठिकाण दौंडकरांना सांगावयास नकोच. गांव रुळांच्या दोन्ही अंगांस पसरलेलें, आणि एका अंगाकडून दुसऱ्या अंगास जावयाचें तर रुळांखालच्या कुरकुंभ मोरींतून. मोरीचा प्रश्न वर्षानुवर्षें गाजतो आहे. पावसाळ्यांत तेथें पाणी सांचतें, गर्दीच्या वेळीं वाहनें अडकतात, हें वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचलेलें आहे. सायकलस्वाराच्या दृष्टीनें तिच्यांतील अडचण आणखी निराळी आहे. सायकलीचा तोल वेगानें सांवरला जातो; वेग मंदावला कीं पुढचें चाक डावीउजवीकडे डगमगूं लागतें, आणि म्हणून चढणीवर सायकलस्वारास सपाटीपेक्षां अधिक रुंद जागा लागते. मोरींतून वर येतांना नेमकी चढण, नेमकी अरुंद जागा, आणि मागें भोंगा वाजविणारें वाहन, असा तिहेरी योग येतो. पाय टेकावा तर मागचा अंगावर येईल, न टेकावा तर बाजूच्याला धक्का लागेल. हें ज्यानें अनुभविलें नाहीं त्यानें एकदां शनिवारीं संध्याकाळीं जाऊन पाहावें.

याला उपाय नाहीं असें नाहीं. हॉलंड देशांत असले भुयारी रस्ते बांधतांना एक साधी गोष्ट ध्यानांत घेतात. ट्रकला डोक्यावर पांच मीटर उंची लागते, सायकलस्वाराला अडीच मीटर पुरते. मग दोघांनाहि सारखेंच खोल उतरविण्याचें कारण काय? गाड्यांचा रस्ता खोल न्यावयाचा व त्याच्याच कडेला सायकलीचा व पायीं जाणारांचा ओटा बराच वर ठेवावयाचा. उतार सौम्य होतो, चढण सोपी होते, आणि ओट्यावर पाणी सांचत नाहीं. नवी मोरी असो कीं जुनीची दुरुस्ती, आराखडा कागदावर असतांना हा फरक करणें फारसें खर्चाचें नाहीं. कांक्रीट ओतल्यानंतर तो होणें नाहीं.

दुसरें ठिकाण स्टेशनासमोरचें. येथें रिक्षा, मोटारी, हातगाड्या, सामान घेऊन धांवणारे उतारू, आणि गाडी सुटण्याच्या बेतांत आल्यामुळें सर्वांच्या अंगांत शिरलेली घाई. दौंडाहून पुणें सुमारें पंचाहत्तर किलोमीटर. रोज पहांटे शेंकडों मंडळी तिकडे नोकरीस जातात व रात्रीं परततात. यांतील बहुतेकांचें घर स्टेशनापासून सायकलीनें पंधरा मिनिटांच्या आंत आहे. आणि तरीहि दोन किलोमीटर जाण्यासाठीं मोटारसायकल काढून ती दिवसभर स्टेशनावर उभी करून ठेवावी लागते. हॉलंडांतील युट्रेख्ट येथें २०१९ सालीं स्टेशनाखालीं साडेबारा हजार सायकलींचा तळ पुरा झाला. आम्हांला साडेबारा हजार नकोत. छपराचा, उजेडाचा, राखणदार असलेला पांचशें सायकलींचा तळ व त्याच्यापर्यंत पोंचणारी एक निर्वेध वाट एवढें झालें तरी बंधूंच्या डब्यांतील निम्मी मंडळी मोटारसायकली घरीं ठेवतील, असें बंधूंचें म्हणणें आहे. आम्ही त्यांतील चतुर्थांश धरून चालतों, कारण बंधु स्वभावानें आशावादी आहेत.

तिसरें ठिकाण म्हणजे वसाहतींतली शांत गल्ली गांवाबाहेर पडणाऱ्या मोठ्या रस्त्याला जेथें मिळते तो नाका. पाटसचा भीमा कारखाना, आलेगांवचा दौंड शुगर आणि केडगांव-यवतच्या बाजूचीं गुऱ्हाळें यांमुळें हा सारा मुलूख उसाचा. दिवाळीनंतर हंगाम ऐन भरांत आला कीं एकेका ट्रॅक्टरमागें दोनदोन ट्रॉल्या, त्यांच्या दोहों बाजूंस बाहेर आलेले ऊस, मागें दिवा असला तर असला. आठ महिने पिवळा असणारा नाका हंगामांत तांबडा होतो. धाकट्या पुतण्यानें विचारलें, "मग रंग कोणता द्यावयाचा?" आम्ही विचारांत पडलों, शेवटीं त्यानेंच तांबड्यावर उसाचें कांडें काढलें.

नकाशा पुरा झाला असें वाटून आम्ही तो भिंतीस लावला, तों वहिनी हात पुसत आल्या व पाहून म्हणाल्या, "हा नकाशा पुरुषांचा आहे." कारण विचारतां त्यांनीं दाखवून दिलें कीं, आम्हीं मनांत धरलेल्या साऱ्या वाटा घरापासून स्टेशनाकडे किंवा शाळेकडे सरळ जाणाऱ्या होत्या. वहिनींची फेरी तशी नसते. त्या घरून निघून दवाखान्यांत मातोश्रींचें औषध घेतात, तेथून बँकेंत जातात, मग मंडई, मग गिरणी, आणि मुलाला शिकवणीहून उचलून घरीं. एकाच फेरींत पांच ठिकाणें, आणि हातांत पिशव्या. यांतील एक जोड तुटला कीं सबंध फेरीच स्कूटरवर जाते. नोकरीच्या फेऱ्या मोजून रस्ते आखणारे या फेऱ्या मोजीतच नाहींत, ही तक्रार अलीकडे जगभरच्या स्त्रिया करीत आहेत. ती आमच्या घरांतच ऐकावयास मिळाली. मग मातोश्रींनीं भर घातली कीं, पोर सकाळीं गेली खरी, पण हिवाळ्यांत शिकवणीहून सात वाजतां परत कशी यावयाची? म्हणून दुसरा नकाशा संध्याकाळचा केला. त्यांत सकाळचे पुष्कळसे हिरवे रस्ते पिवळे झाले. ते केवळ रस्त्यावर दिवे नाहींत म्हणून.

आतां मुद्द्याची गोष्ट. सायकलींचें जाळें म्हणजे बांधलेल्या मार्गांच्या किलोमीटरांची बेरीज नव्हे. जाळें जेथें तुटतें तेथेंच त्याची किंमत ठरते. नव्याण्णव भाग वाट निर्धोक असली आणि एका भागांत जीव मुठींत धरावा लागत असला, तर आई त्या एका भागाकडे पाहूनच मुलीला नाहीं म्हणते. आणि तिचें बरोबर आहे. ही गोष्ट रेल्वेच्या गांवाला तरी कोणी शिकवावयास नको. कल्याणपाशीं फांटलेल्या मुंबईच्या दोन लोहमार्गांस घाटाच्या वरच्या अंगाला जोडणारा दौंड-मनमाड मार्ग १८७८ सालीं उघडला. सुमारें २३५ किलोमीटरांचा तो एक दुवा. पण त्यानें उत्तरेकडचा माल मुंबईकडे न उतरतां दक्षिणेस जाऊं लागला, आणि दौंड जंक्शन झालें. त्याउलट, मनमाडकडून येऊन पुण्यास जाणाऱ्या गाडीला दौंडास इंजिनाची बाजू बदलून उलट्या दिशेनें निघावें लागे, यांत कित्येक पिढ्यांचे अर्धेअर्धे तास गेले. अलीकडे गांवाबाहेरून एक छोटा जोडमार्ग घातला आणि तें संपलें. रुळांत दहा हातांची फट ठेवून "बाकीचा मार्ग उत्तम आहे" असें कोणी इंजिनियर म्हणत नाहीं. सायकलीच्या मार्गाबद्दल मात्र सर्रास तसें म्हटलें जातें.

आमच्याच वाटेवरचें उदाहरण पाहा. सोलापूर रस्त्यानें दौंडाहून पुण्यांत शिरतांना हडपसर लागतें. तेथून स्वारगेटपर्यंत व पुढें कात्रजपर्यंत २००६ सालीं जलद बससेवेचा मार्ग आखला गेला, तेव्हां कडेनें सायकलींचे मार्गहि बांधले. ते कोठें सुरू व्हावयाचे, कोठें संपावयाचे याला मेळ नव्हता. मध्यें विजेचे खांब, झाडें, टपऱ्या, उभ्या गाड्या. आणि चौक आला कीं, जेथें संरक्षणाची खरी गरज तेथेंच मार्ग नाहींसा. ते ओस पडले, आणि मग "पुणेकरांना सायकल नकोच आहे" असा सोयीस्कर निष्कर्ष काढावयास लोक मोकळे झाले. पुढें डिसेंबर २०१७ मध्यें महानगरपालिकेच्या सभेनें आठशें किलोमीटरांहून मोठ्या जाळ्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. तो कागद पाहण्यासारखा आहे, कारण त्यांत जाळ्याचा विचार आहे. त्याच सुमारास विद्यापीठाच्या आवारांतून भाड्याच्या सायकलींची टूम निघाली व शहरभर पसरली. रंगीबेरंगी सायकली कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्या राहिल्या आणि दोनतीन वर्षांत बहुतेक दिसेनाशाहि झाल्या. सायकली आधीं आल्या, वाट मागाहून यावयाची राहिली, दुसरें काय?

हॉलंडलाहि हा धडा फुकट मिळालेला नाहीं. तेथें १९७१ या एका सालांत रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं व त्यांत चारशेंहून अधिक लहान मुलें होतीं. त्यावरून १९७३ सालीं "बालहत्या थांबवा" या नांवाची आईबापांची चळवळ उभी राहिली. सरकारनें प्रथम हेग व टिलबर्ग या शहरांत एकेक झकास सायकल-मार्ग बांधून पाहिला. त्यांवर गर्दी झाली. पण ती बहुतांशीं आजूबाजूच्या रस्त्यांवरून सरकलेली. नवे लोक फारसे सायकलीवर बसले नाहींत. मग १९८० नंतरच्या दशकांत डेल्फ्ट शहरीं निराळा प्रयोग झाला. तेथें एक भव्य मार्ग न बांधतां, मोठ्या, मध्यम व लहान अशा तीन प्रकारच्या विणीनें सबंध गांवच जोडून घेतलें. कोठें छोटा पूल, कोठें भुयार, कोठें नुसती एक भिंत फोडून वाट. त्या विणीची कल्पना आज जगभर प्रमाण मानली जाते.

"तें थंड देशांत ठीक, आमच्याकडे एप्रिलांत सायकल कोण मारणार?" हा आक्षेप आमच्या मेहुण्यांनीं काढला. स्पेनांतील सेव्हिल हें शहर उन्हाळ्यांत आपल्या विदर्भासारखें तापतें. तेथें सायकलीची परंपराहि नव्हती. २००६-०७ च्या सुमारास तेथील नगरसभेनें तुकडे न पाडतां एकदम सुमारें ऐंशीं किलोमीटरांचें सलग जाळें बांधून काढलें, आणि कांहीं वर्षांतच सायकलीच्या फेऱ्या जवळजवळ दसपट झाल्या. ऊन कांहीं कमी झालें नाहीं. शिवाय दौंडांतील शाळा सकाळच्या, गाड्या पहांटेच्या. भर दुपारीं बारा वाजतां सायकल मारण्याचा आग्रह कोणी धरलेला नाहीं.

आक्षेपांतील दुसरा अधिक खरा आहे. सायकलीसाठीं वाट राखली कीं तींत मोटारसायकली शिरतात. खांब रोवले तरी मोटारसायकल त्यांमधून निघून जाते. या रोगावर निव्वळ गवंडीकामाचा उपाय नाहीं. आरंभीं कांहीं महिने पोलिसांची शिट्टी लागेल, व दुकानदारांना समजावून त्यांच्यापुढें उभ्या राहणाऱ्या गाड्या हलवाव्या लागतील. हें काम बांधकामापेक्षां कठीण आहे, आणि म्हणूनच नकाशांतील तांबड्या जागा थोड्या आहेत ही भाग्याची गोष्ट. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या गांवांत तीन जागांवर लक्ष ठेवणें साधेल. पुण्यांत तीनशें जागांवर तें साधत नाहीं. मोठ्या शहरांच्या योजनांचे गोडवे ऐकून लहान गांवें स्वस्थ बसतात, पण काम खरें सोपें आहे तें लहान गांवांत.

आणि त्यांत काय मिळवावयाचें आहे हें कोणास पाहावयाचें असेल तर त्यानें बिहाराकडे पाहावें. तेथें २००६ पासून नववींत जाणाऱ्या मुलींना सरकारनें सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनीं तपास केला तेव्हां माध्यमिक शाळेंत योग्य वयांत दाखल होणाऱ्या मुलींचें प्रमाण ३२ टक्क्यांनीं वाढल्याचें व मुलगे-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनीं घटल्याचें दिसून आलें. शाळा तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या खेड्यांत फायदा सर्वांत जास्त. ज्या तालुक्यांत पंडिता रमाबाईंनीं केडगांवास मुक्तिसदन उभारलें, त्या तालुक्यांतील वाडीवस्तीवरच्या मुलींना शाळा आहे. पण वस्तीपासून शाळेपर्यंतच्या वाटेवर उसाचा ट्रॅक्टर आहे.

आमच्या घरापुरतें सांगावयाचें तर धाकटीची सायकल जिन्याखालून निघाली आहे. नकाशावरून मुलांनीं तिला हिरव्या गल्ल्यांतून जाणारी वाट काढून दिली. ती सरळ रस्त्यापेक्षां सातशें मीटर लांब आहे. शेजारच्या तीन घरांतील मुली तिच्याबरोबर असतात. तांबड्या तुकड्यांत त्या उतरून सायकली हातानें ढकलीत नेतात, आणि तेथें जातांयेतां एक मोठें माणूस उभें असतें. चार घरांनीं वार वांटून घेतले आहेत. आमच्याकडे मंगळवार व शुक्रवार. मोटारसायकलच्या चकरेपेक्षां हें आम्हांला पुष्कळ मानवतें. मातोश्रींना मात्र हें अर्धेंच काम वाटतें. "तुम्ही किती वर्षें उभे राहणार?" असें त्या विचारतात. नकाशाची स्वच्छ प्रत करून, तिच्यासोबत मोरीच्या ओट्याची आकृति व दिव्यांची यादी जोडून, ती आम्हीं संबंधित कचेरीत दिली आहे व पोंच घेतली आहे.

ही हकीकत शिरूरच्या आमच्या मावसबहिणीला पत्रानें कळविली. तिच्या सासरीं माणसें आमच्याहूनहि अधिक. तिनें नाताळाच्या सुटींत मुलांना कामाला लावून शिरूरचा नकाशा करविला व आम्हांस पाठविला. तेथें मोरी नाहीं, पण गांवांतून जाणारा जुना नगर रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांबडा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस हिरवीं बेटें. घोड नदीच्या पुलापाशीं मात्र मुलांचें अडलें. पूल ओलांडला कीं जिल्हा बदलतो, आणि पलीकडून रोज सायकलीवरून शिरूरच्या शाळांत मुलें येतात. पलीकडच्या रस्त्याला रंग द्यावयाचा कीं नाहीं, आणि दिलाच तर नकाशा कोणत्या कचेरीत न्यावयाचा, यावर तिच्या घरांत अजून एकमत झालेलें नाहीं. तूर्त पुलापलीकडचें पान कोरें ठेवलें आहे.